कागदावर नाव लिही

प्रश्न : ताई, मी मिरजेचा. सांगलीत इंजिनिअरिंग करून सप्टेंबरात नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला एमएस्सीला आलो. घरात चार डच मुलं-मुली आहेत, स्वयंपाकघर सगळ्यांचं एकच. समोर आले की हसतात, 'कसं चाललंय' विचारतात, पण सहा महिन्यांत कुणी 'ये, बस' म्हटलेलं नाही. एकदा त्यांचे दोन कांदे वापरले तर रात्री मोबाइलवर साठ सेंटची मागणी आली. ग्रुप प्रोजेक्टमधली एक मुलगी सगळ्यांसमोर म्हणाली, 'तू काही बोलत नाहीस, त्यामुळे तू काम करतोस की नाही तेच कळत नाही.' कॉलेजात मी पहिल्या पाचांत असायचो. इथे एका विषयात साडेसहा पडले, एकात नापास झालो. जानेवारीत स्टेशनबाहेर लावलेली सायकल चोरीला गेली. डिसेंबरपासून सकाळी उठावंसंच वाटत नाही. घरी 'सगळं मस्त' असं सांगतो, कारण बाबांनी घरावर कर्ज काढलंय. सगळं सोडून परत यावं का?
— एक मिरजकर

उत्तर : मिरजकरा, आधी सायकलचं बघू.

ती चोरीला गेली हे तुला कुणी सांगितलं? तू गेलास, जागा रिकामी दिसली, आणि तू ठरवलंस. डेल्फ्टमध्ये सायकली चोरीला जातात, भरपूर जातात, ते खरंच. पण स्टेशनच्या आसपास मनाला येईल तिथे सायकल लावायला बंदी आहे. नगरपालिकेची माणसं गाडी घेऊन येतात, साखळी असेल तर कापतात आणि सायकली उचलून डेपोत नेऊन ठेवतात. दंड भरला की परत मिळते. मी तिथे शिकत असताना आठ दिवस एका अज्ञात चोराला सातारी शिव्या घातल्या होत्या, आणि माझी सायकल डेपोत शांतपणे उभी होती. चूक माझीच. तेव्हा उद्या डेपोत चौकशी कर. सायकलचा रंग, खुणा सांग आणि कुलपाची किल्ली बरोबर ने. मिळाली तर यापुढे स्टेशनखालच्या तळात लावत जा, पहिले चोवीस तास पैसे पडत नाहीत. नाही मिळाली तर दुसरी घे, पण रस्त्यात थांबवून पंधरा युरोला सायकल देऊ करणाऱ्याकडून नको. ती चोरीचीच असते आणि घेणाराही गुन्ह्यात अडकतो.

सायकलपासून सुरुवात केली, कारण तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला सगळीकडे हेच दिसलं. घरातल्यांना मी नको आहे, त्या मुलीला माझा अपमान करायचा होता, साडेसहा म्हणजे मी ढ, बाबांना खरं सांगितलं तर ते कोसळतील. एवढे निकाल लावलेस, आणि त्यातला एकही कुणाला विचारून लावलेला नाहीस.

मी २००७ साली तिथे शिकायला गेले. तेव्हा स्टेशन जमिनीवर होतं आणि गाड्या गावातून पुलावरून खडखडत जायच्या. बोगदा २०१५ चा. आमचं घर उभट, जिना शिडीसारखा, सामान दोरीने वर ओढायचं. सहा जण राहायचो. स्वयंपाकघरात फ्रिजवर एक कागद चिकटवलेला असायचा. आडव्या ओळीत वार, उभ्या रांगेत नावं. माझंही नाव होतं, पहिल्याच दिवशी कुणीतरी लिहिलेलं, स्पेलिंग चुकवून. संध्याकाळी सहा वाजले की खालून बटाटे उकडल्याचा वास यायचा, खुर्च्या सरकायच्या, हसण्याचे आवाज यायचे. मी वर खोलीत बसून राहायचे. बोलावतील, असं वाटायचं. कुणी बोलावायचं नाही. सगळे पांगले की नऊ वाजता खाली जायचे, एकटीपुरती खिचडी टाकायचे आणि ताट घेऊन वर यायचे. असे तीन महिने काढले.

डिसेंबरात एका रात्री घरातली सगळ्यांत उंच मुलगी पाणी प्यायला खाली आली आणि मला म्हणाली, 'तू कधीच आमच्यात जेवत नाहीस.' मी म्हटलं, 'तुम्ही कधी बोलावलंच नाही.' तिने कागदाकडे बोट दाखवलं. ज्याला जेवायचं त्याने सकाळी आपल्या नावापुढे रेघ मारायची, स्वयंपाक करणाऱ्याने मोजून तेवढ्यांचं शिजवायचं. 'तू कधी रेघ मारली नाहीस. आम्हाला वाटलं, तुला एकटीनंच जेवायला आवडतं.' ती हे अगदी काळजीने म्हणाली, त्यात टोमणा नव्हता. त्या रात्री माझी खिचडी करपली.

आपण आग्रहाच्या मुलखातली माणसं. पंगतीत पानावर हात आडवा धरला तरी वाढपी जिलबी टाकतोच, कारण हात आडवा धरण्याचा अर्थ 'नको' असा नसतो हे त्याला माहीत असतं. पाहुणा 'चहा नको' म्हणाला की आधण ठेवायचं. मिरजेत तुझे काका फोन न करता येतात आणि चेहऱ्यावरून ओळखतात की पोरगं उपाशी आहे. तिथे हात आडवा केला की वाढपी पुढे जातो. 'कॉफी हवी?' 'नको.' संपलं, दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे समोरच्याच्या शब्दावर विश्वास नसणं, असा त्यांचा हिशेब. आपल्याला तो कोरडेपणा वाटतो. मलाही बरीच वर्षं वाटला, आणि थंडीत पाठ दुखत असली की अजूनही वाटतो.

आता ती टिक्की, म्हणजे मोबाइलवरून पैसे मागायची सोय. (नाव ऐकून पहिल्यांदा भूकच लागते.) तुझ्या मोबाइलवर आली ती तीच असणार. एका डच बँकेने २०१६ मध्ये हे काढलं आणि आता तिथे त्याचं क्रियापदच झालंय. साठ सेंटची टिक्की पाठवणं हे जरा अतीच, आणि असल्या टिक्क्यांवर डच लोक स्वतःही एकमेकांची चेष्टा करतात. पण तू त्यातून काढलास तो अर्थ त्यात नाही. आपल्याकडे उसनी वाटी साखर परत करताना वाटी रिकामी देत नाहीत, म्हणजे देणं-घेणं चालूच राहतं आणि त्यातून शेजार टिकतो. त्यांच्याकडे हिशेब तिथल्या तिथे मिटवतात, म्हणजे उद्या पुन्हा निःसंकोच कांदा मागता येतो. तू पैसे दिलेस ना? मग त्या घरातला कांदा आता तुला खुला आहे.

मी सांगते तसं एकदा करून बघ. घरातल्या चौघांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असेलच. गुरुवारी त्यावर लिही : 'पुढच्या मंगळवारी सहा वाजता मी वरण, भात आणि बटाट्याची भाजी करणार आहे. कोण कोण आहे?' गुरुवार आणि मंगळवार मुद्दाम सांगतेय. 'आज रात्री या' म्हटलंस तर कुणी येणार नाही, त्यांच्या डायऱ्या भरलेल्या असतात, आणि तू पुन्हा उशीत तोंड खुपसशील. सहा म्हणजे सहा. साडेआठला कुणाला भूक नसते. चौघांपैकी दोघं 'हो' म्हणतील. पुरेसं आहे. मिरची निम्मी घाल. चार भाज्या, कोशिंबीर, गुलाबजाम असला घाट घालू नको, नाहीतर पुढच्या वेळी तुला बोलवायचा त्यांना धसका बसेल. वरण ते आधी सुपासारखं चमच्याने पितील आणि भात नंतर कोरडा खातील. खाऊ दे. जेवण झालं की भांडी घासायला उठू नको, शिजवणाऱ्याने घासायची नाहीत ही तिथली बहुतेक घरांतली रीत आहे. आणि दुसऱ्या दिवशी माणशी दोन युरोंची टिक्की पाठव. तुझा हात अडखळेल हे मला माहीत आहे. आईला कळलं तर ती काय म्हणेल हेही माहीत आहे. तरी पाठव. फुकट जेवू घातलंस तर तू त्यांच्यासाठी पाहुणचार करणारा भारतीय राहशील. टिक्की पाठवलीस की घरातला एक होशील.

वाढदिवसाचंही तसंच. केक ज्याचा वाढदिवस त्यानेच आणायचा आणि डिपार्टमेंटच्या कॉफीच्या टेबलावर ठेवायचा. हे तरी आपल्याला नवीन नाही, 'पार्टी कधी देतोस'वर आपण वाढलो. त्यांच्या घरच्या वाढदिवसाला गेलास तर मात्र सगळे खुर्च्यांचा गोल करून बसतात आणि प्रत्येक जण प्रत्येकाचं अभिनंदन करतो. मुलीचा वाढदिवस, अभिनंदन आजोबांचं, शेजाऱ्यांचं आणि तुझंही. घाबरू नको, 'गेफेलिसितेर्त' म्हणत गोल पुरा कर आणि एक तुकडा केक घेऊन बस. एकच.

ग्रुप प्रोजेक्टमधल्या त्या मुलीचा मला राग आला नाही, हे तुला आवडणार नाही. तिचं वाक्य पुन्हा वाच. 'तू काम करत नाहीस' असं ती म्हणालेली नाही. 'कळत नाही' म्हणाली. सहा महिन्यांत तुला मिळालेली ही सगळ्यांत उपयोगी माहिती आहे, आणि तीही फुकट. आपण वर्गात गप्प बसतो ते हुशार मुलं गप्प बसतात म्हणून. तिथे गप्प बसलेल्याचा अर्थ 'याला मान्य आहे' किंवा 'याने वाचलेलं नाही' असाच निघतो. पुढच्या मीटिंगला जाताना दोन वाक्यं लिहून ने : या आठवड्यात मी हे केलं, इथे अडलोय. पहिल्या पाच मिनिटांत ती बोलून टाक, म्हणजे धडधड थांबते. इंग्रजी चुकलं तर चुकू दे. त्यांचंही चुकतं, फक्त ते आत्मविश्वासाने चुकतात. तुझ्या त्या गावातल्या लेवेनहुकला विद्वानांची लॅटिन येत नव्हती. तो कापडाचा व्यापारी, भिंगातून पाहिलेले सूक्ष्म जीव त्याने साध्या डचमध्ये लिहून लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. त्यांनी भाषांतर करून छापलं. तो आता तिथल्या जुन्या चर्चमध्ये पुरलेला आहे, ज्याचा मनोरा कललाय तेच. जाऊन ये कधीतरी.

मार्कांचं थोडक्यात. तिथे मार्क दहापैकी देतात, सहा म्हणजे पास, आणि सात म्हणजे चांगलं. दहा कुणाला देत नाहीत. 'दहा देवाचे, नऊ मास्तरांचे' अशा अर्थाची म्हणच आहे त्यांच्यात. तेव्हा साडेसहाला सांगलीच्या पासष्ट टक्क्यांशी जोडून रडू नको. नापास झालास त्या विषयाची फेरपरीक्षा असते, तिला नाव नोंदव. आपोआप नोंदलं जात नाही. आणि तपासलेला पेपर बघायला मिळतो. त्यासाठी ठरलेली एक वेळ असते, ई-मेलने कळवलेली, आणि आपली मुलं तिकडे फिरकत नाहीत, कारण आपल्याकडे पेपर बघायला मागणं म्हणजे मास्तरांवर शंका घेणं. तू जा. काय चुकलं ते कळेल, आणि कधी कधी अर्धा मार्क वाढतोही. एक आकडा मात्र भिंतीवर लिहून ठेव : वर्षाच्या साठ क्रेडिटांपैकी निम्मी, म्हणजे तीस, मिळवावी लागतात, नाहीतर निवासाच्या परवान्याचा प्रश्न येतो. एका विषयात नापास होऊन तू त्याच्या जवळपासही गेलेला नाहीस. तशी पाळी येतेय असं वाटलं तर थांबू नको, लगेच विभागाच्या स्टडी अ‍ॅडव्हायझरला भेट. त्याचं कामच ते आहे, आणि त्याच्याकडे जाणं म्हणजे तक्रारवहीत नाव लागणं नव्हे.

सकाळी उठावंसं वाटत नाही, हे मात्र वेगळं आहे. इथे मी 'बोल म्हणजे झालं' असं म्हणणार नाही. काही भाग अंधाराचा आहे. डिसेंबरात डेल्फ्टला पावणेनऊच्या सुमाराला उजाडतं आणि साडेचारला मावळतं. मिरजेत सगळ्यांत लहान दिवसही अकरा तासांचा, तुझ्या शरीराला हे माहीतच नाही. दुपारी बाराला, पाऊस असला तरी, अर्धा तास बाहेर चाल. लायब्ररीचं ते गवताचं छप्पर, पुढे कालव्याच्या कडेने, जिथे जायचं तिथे. आता फेब्रुवारी संपत आलाय, दिवस रोज तीन-चार मिनिटांनी वाढतोय, ते तुला पंधरवड्यात जाणवेल. पण तीन महिने झाले म्हणतोस. तेव्हा हुइसआर्ट्सकडे, म्हणजे तुझ्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवलेलं नसेल तर या आठवड्यात नोंदव आणि भेटीची वेळ घे. तो ऐकून घेईल, 'पॅरासिटामॉल घे' म्हणायची त्याला सवय असते, म्हणून नेमकं सांग : इतके आठवडे, झोप अशी, भूक अशी, अभ्यास होत नाही. विद्यापीठाचे स्वतःचे मानसशास्त्रज्ञही आहेत, विद्यार्थ्यांना त्यांचे पैसे पडत नाहीत. आणि कधी जगणंच नको असं मनात आलं, तर रात्र असो की पहाट, ११३ वर फोन करायचा. इंग्रजीत बोललेलं चालतं. हे मी रीत म्हणून लिहिलेलं नाही.

एखाद्या शनिवारी हेगला जा. डेल्फ्टहून ट्रेनने दहा मिनिटांत हॉलंड्स स्पोर स्टेशन, तिथून वीसेक मिनिटं चाललास की हेगचा मोठा उघडा बाजार. मेथी, दुधी, कारली, शेवगा, कोथिंबिरीच्या जुड्या. जवळच पॉल क्रूगरलान नावाचा रस्ता आहे, तिथे सुरिनामी हिंदुस्तान्यांची दुकानं. १८७३ पासून कलकत्त्याच्या बंदरातून मजूर म्हणून दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम या डच वसाहतीत नेलेल्या लोकांचे हे पणतू-खापरपणतू, १९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र झालं त्या सुमारास हजारोंनी हॉलंडला आले. त्यांच्याकडे 'बारा' मिळतो, तो आपल्या उडदाच्या वड्याचा चुलतभाऊ, वर तिखट चटणी. माझ्या पहिल्या हिवाळ्यात तिथल्या एका दुकानातल्या बाईंनी विचारलं, 'बेटी, कुठली?' त्यांची हिंदी भोजपुरी वळणाची, माझी साताऱ्याची, दोघींना एकमेकींचं निम्मं कळत होतं. त्या भारतात कधीच गेल्या नव्हत्या. त्यांनी न मागता पिशवीत मूठभर मिरच्या टाकल्या. हो, त्या गावात न मागता काही मिळालेलं मला आठवतंय ते एवढंच.

आता मूळ प्रश्न. परत यावं का? आज ठरवू नको. फेब्रुवारीत घेतलेले निर्णय हे बऱ्याचदा हवामानाने घेतलेले असतात. एप्रिलच्या आणि जून-जुलैच्या परीक्षा होऊ दे, हातात किती क्रेडिटं आहेत ते मोज, आणि मग जुलैत बाबांसमोर बसून ठरव. तेव्हाही परत यावंसं वाटलं तर ये, मी तुला भित्रा म्हणणार नाही. तोपर्यंत पैशाची बाजू नीट समजून घे. तुला आठवड्याला सोळा तास, किंवा त्याऐवजी जून-जुलै-ऑगस्टात पूर्णवेळ काम करता येतं, पण परवाना मालकाने काढायचा असतो. 'परवान्याचं नंतर बघू' म्हणणाऱ्याकडे काम करू नको. काम सुरू झालं की तिथला मूळ आरोग्य विमा घेणं सक्तीचं होतं. त्यासाठी सरकारी भत्ता मिळतो, तो मागावा लागतो. (बघ, परत तेच.) पदवी मिळाल्यावर नोकरी शोधायला एक वर्षाचा परवाना मिळतो, त्या वर्षात कामावर बंधन नसतं. आणि कर्जाचा हप्ता नेमका कधी सुरू होतो ते बँकेच्या कागदावर वाच. रात्री दोन वाजता अंदाज करत बसू नको.

बाबांना सांगायचं कसं? माझं सांगते. १३ मे २००८ ला आमच्या विद्यापीठाची आर्किटेक्चरची अख्खी इमारत जळाली. कॉफीच्या मशीनजवळ पाणी गळलं, शॉर्ट सर्किट झालं आणि एवढी मोठी इमारत गेली. सुदैवाने माणसं सगळी वाचली. मी त्या इमारतीत शिकत नव्हते, पण धूर बघितला आणि कधी नव्हे ते दुपारीच घरी फोन लावला, 'मी बरी आहे' सांगायला. साताऱ्यात कुणाला आगीचा पत्ताही नव्हता. आणि 'मी बरी आहे' म्हणता म्हणता मला रडू फुटलं. एकटं जेवणं, नापास झालेला विषय, सगळं बाहेर आलं. बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, 'एवढंच ना? मला वाटलं पैसे संपले.'

तू आगीची वाट बघू नको. रविवारी फोन करशील तेव्हा सुरुवात नापास झालेल्या विषयापासून कर, कारण ते सांगायला सगळ्यांत सोपं आहे. बाकीचं त्याच्यामागून येतं. मग आईला फोनवर घे आणि विचार, पाच जणांच्या आमटीला गूळ किती आणि चिंच किती. तूरडाळ हेगच्या बाजारात मिळेल. गोडा मसाला मिळणार नाही, तो तिलाच पाठवायला सांग.